तरफा

दस्तगीर शिकलगार, वय एकसष्ट, मिरज.
पाठीवरचा तुकडा, चार मिलिमीटर,
फॉर्मालिनच्या बाटलीतून माझ्या टेबलावर आला
मंगळवारी, लाइट जायच्या जरा आधी.

मेणात बसवला, कापला, रंगवला.
नेहमीसारखाच गुलाबी-जांभळा,
पण मधोमध पोकळी,
आणि पोकळीत सुट्या पेशी, गोल,
शेंगेतून निसटलेल्या दाण्यांसारख्या.
खालची एक ओळ तेवढी तळाला धरून उभी.
तिचे शेजारी सुटले होते, जमीन सुटली नव्हती.

सही डॉक्टरांची असते. टाइप मी करते.

वॉर्डात त्यांना केळीच्या पानावर झोपवलं होतं,
चादर कातडी घेऊन निघायची म्हणून.
रिपोर्ट द्यायला गेले तर म्हणाले,
"बाई, मला कापलंय कुणी आतून?"

कुणी नाही, काका.
पेशी पेशीला बटणांनी धरते.
बटणाला आतून केराटिनचे धागे बांधलेले,
पार मधल्या केंद्रकापर्यंत.
बाहेर ओढ बसली की आत खबर जाते:
वाढ. जाड हो. थांब.

त्यांनी उजव्या हाताचं बोट पुढे केलं.
घोडीवर कानस चालवून चालवून
जवारी काढणाऱ्या माणसाचं बोट.
"हा घट्टा असाच पडला?"
असाच. चाळीस वर्षं खबर जात होती.

आता तुमच्याच रक्तातलं काहीतरी
त्या बटणांवर येऊन बसलंय.
ओढलं नाही, तोडलं नाही, नुसतं बसलं.
पेशीला वाटतं, शेजारी गेला.
ती आपले धागे आवरते,
केंद्रकाभोवती गुंडाळून घेते,
आणि मग खरोखरच सुटते.

बराच वेळ ते छताकडे बघत राहिले.
पंखा होता, फिरत नव्हता.
"सतारीला खाली तरफा असतात," म्हणाले,
"त्यांना बोट लावायचं नसतं.
वरची तार बोलली की त्या बोलतात.
पण आमचं दुकान रस्त्यावर.
रात्री उसाचा ट्रक गेला
तरी भिंतीवरची एखादी सतार गुणगुणते.
तिला वाटतं, कुणीतरी वाजवायला बसलं."

मी रिपोर्टची घडी घातली. पुन्हा उलगडली.
पुस्तकात हे इतकं नीट नव्हतं.

सहा महिन्यांनी आले, गोळ्यांनी चेहरा फुगलेला,
शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली.
पाठीवर नवी कातडी, डाग काळपट, पण धरून.
तक्रार निराळीच होती.
"बोट मऊ झालं, बाई. लहान पोराचं असावं तसं.
काल कानस धरली तर टोचली.
पुन्हा चाळीस वर्षं थांबू?"

नाही हो. ओढ बसली की येईल.

ते हसले.
आधी गालांवरची सूज हलली,
हसू मागून आलं.