दहा गुणिले दहा गुणिले दहा

हजार पट हवंय, नेझा म्हणाली, एकाच चिपमधून.
मी अडवलं नाही. करू दिलं.

आठ पायांचा काळा किडा, युरोला दोन मिळतात.
पाठीवर फक्त नंबर; खरी गोष्ट माहितीपत्रकात, बारीक अक्षरात:
दहा लाख. बस.
गेन आणि बँडविड्थ, दोघांचा गुणाकार त्यापुढे जात नाही.
एवढ्याशा अंथरुणात डोकं झाकलं की पाय उघडे.

हजार पट घेतल्यावर उरला एक किलोहर्ट्झ.
तेवढ्यात काय मावतं?
मार्यानच्या शेळ्या. पाद्रीबाबांची खोकणारी मोटार.
वटवाघूळ बोलतं पंचेचाळीसवर,
तिथं पोचेस्तोवर हजाराचे झालेले बावीस.

नेझाने सोल्डरची नळी टेबलावर आपटली.
मग मी आणखी दोन किडे काढले.
तिघांना ओळीत बसवायचं, प्रत्येकाकडे दहाच मागायचे,
बाहेर आलेल्यातलं थोडं परत आत वळवायचं रेझिस्टरमधून,
हाव कमी की वाट रुंद.
शंभर, शंभर, शंभर
आणि तिघांची मिळून एक्कावन्न,
कारण काठाशी प्रत्येक जण थोडं सांडतो.
चालतं. पंचेचाळीस मावतात.

क्रानच्या टेलिफोन कारखान्यात एकतीस वर्षं
मी माणसांचे आवाज साडेतीन हजारांच्या आत कापत होतो.
मिलेना फोनवर बोलायची तेव्हा
तिचा स आणि फ मला सारखाच यायचा.
तेवढ्यावर लग्न ठरलं.

संध्याकाळी त्सेर्क्निकाच्या तळ्यावर पेटी उघडली.
दहाने भागून आलेला आवाज:
कढईत लाह्या फुटाव्यात तसा.
नेझा चिखलात नाचली, एक बूट तिथंच राहिला.

पण तिला हवं होतं दुसरंच,
देवळाच्या माळ्यावरचं, घोड्याच्या नालेसारख्या नाकाचं.
ते बोलतं एकशे दहावर. आणि तेही पुटपुटत.
पुन्हा सोल्डर. चार गुणिले चार गुणिले चार.
चौसष्ट, फक्त?
फक्त.
आणि बाकीचे पंधरा-सोळा पट?
मी शिडीकडे बोट केलं.

गुडघे धरत वर गेलो. विष्ठेचा वास, जुनं लाकूड,
घंटेच्या दोराशेजारी उलटी टांगलेली बोटाएवढी बोचकी.
हात लांब केला तर लागतील, इतकं जवळ.
नेझाने श्वास रोखला.
आलं, आलं, ऐका ना!

पेटीत काही नव्हतं.
म्हणजे माझ्यासाठी. दहाने भागले तरी अकरा हजार,
आणि माझा कान आठाशी संपतो, डॉक्टरने आलेख काढून दाखवलाय.
मी सुटी तार शोधत राहिलो.
मग तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

कसं आहे, विचारलं.
ती माझ्या कानाशी आली आणि हळूच
दातांतून हवा सोडली, लांब, मध्येच थरथरणारी.
स होता, की फ.
मी म्हटलं, पुन्हा.