हलंत

पंधरा ऑगस्टला प्रणय लोणारे भाषणाला उभा राहिला
आणि 'स्वातंत्र्य'च्या उंबऱ्यातच अडला.
स्... स्... स्...
सरपंचबाई स्वतःच्या चपलांकडे बघत राहिल्या.
मी दादाचा मोबाईल काढला.

अकरा सेकंद.
मागे कोंबडीचा आवाज जोडला, तो फुकटच मिळतो,
आणि दिलं सोडून 'आठवी ब, बोरखडी'वर.

हसून रडणारे पिवळे गोळे पडू लागले टपाटप.
मोजले मी. एकोणतीस.
वर्गात पोरं एकतीस.
तिसावा मी.

रात्री जेवताना कसंतरी झालं.
हात न धुताच 'सर्वांसाठी डिलीट' दाबलं.
व्हिडिओ गेला,
त्याच्या जागी काढून टाकल्याची ओळ उरली,
खोडरबरानं वही फाटते ना, तशी.
मला वाटलं, मिटलं.

शुक्रवारच्या बाजारात फुटाणेवाल्यानं हाक मारली,
"हे पाय बाप्पा, तुमच्याच शाळेतलं पोट्टं व्हय काय?"
आणि मलाच दाखवलं.
कोंबडी माझीच होती.
तो पोट धरून हसला, मूठभर फुटाणे वरून घातले.
मी ते घेतले.
खाल्लेही, नाल्यापर्यंत जाता जाता.

प्रणय शाळेत येत होता,
हजेरीला 'हजर' म्हणायचं मात्र त्यानं सोडलं.
नुसता हात वर करायचा.

आमच्या कॉम्प्युटरच्या खोलीत तीन कॉम्प्युटर.
एकात पालीनं अंडी घातलेली,
दुसऱ्याचा पासवर्ड बदली झालेले गुरुजी सोबत घेऊन गेले.
तिसरा चालतो. त्यावर नन्नावरे मॅडमची जुनी ओढणी.
"दोघं दोघं बसा. तू आन् प्रणय."
त्यांना माहीत होतं की नव्हतं, कोण जाणे.
त्या रजिस्टरात बघत होत्या.

मराठी टायपिंग. मला जोडाक्षर जमेना.
प्रणयनं माझं बोट धरून डीवर ठेवलं.
"ड... डी दाब. अक्षर थ... थांबते तिथं.
मंग पुढचं येते."

मग त्यानं स्वतः टाइप केलं.
स. डी.
पडद्यावर पाय मोडलेला स् एकटाच उभा राहिला,
खाली ती तिरपी काडी.
मग व. काना.
आणि स्वा झाला, धडधाकट.
पुढे आणखी दोनदा तो डीवर थांबला,
न घाबरता, विहिरीवर नंबर लागल्यासारखा.
स्वातंत्र्य.

तेव्हा आठवलं मला:
बाराव्या सेकंदाला तो शब्द पूर्ण आला होता.
त्यामागून अख्खं भाषण आलं होतं,
टाळ्याही झाल्या होत्या.
मी मोबाईल तोवर खिशात टाकला होता.

ते बारावं सेकंद कोणाच्याच मोबाईलमध्ये नाही.
अकरा मात्र असतील
घाटंजीत, नागपुरात, जिथं मी कधी गेलो नाही तिथं.

त्यानं कीबोर्ड माझ्याकडे सरकवला.
"आता तू."

'माफ कर.'
चार अक्षरं. त्यात एकही जोडाक्षर नाही,
डीची गरजच नाही.
तरी म वरच माझं बोट अडलं.
मागे यूपीएस टी-टी करू लागला, लाइट गेली होती.

प्रणय हसला नाही.
माझ्या बोटाकडे बघत
थांबून राहिला.