डावा कोपरा

कचेरीला हवा असायचा फक्त आकडा.
म्हणून रोज सकाळी सातला, काला घोडा पुलावरून
विश्वामित्रीतल्या पट्टीचा एक फोटो.
मागे तारीख, सही: वि. ना. जाचक.

अकरा वर्षं पट्टी बरोब्बर मधोमध.

काल गठ्ठे बांधताना
नजर पहिल्यांदाच बाजूला सरकली.
डाव्या कोपऱ्यात एक बाई भांडी घासतेय.
पुढच्या गठ्ठ्यात तिच्या कडेवर मूल.
मग मूल एकटंच, हात उगारलेला,
दगड मगरीला की ओंडक्याला
कळत नाही,
भिंग लावूनही.

मग एका श्रावणात नुसतं पाणी.
पट्टीसुद्धा नाही.
(त्या दिवशी आकडा मी अंदाजाने लिहिला होता.)

त्यानंतरच्या सगळ्या फोटोंत
कोपरा स्वच्छ.

रोज तिथेच उभा होतो मी.
सही तर माझीच आहे.