पाऊणकी

रात्रीचे तीन. वाशीच्या धारण तलावावर
धर्माजी भोईर बांबूला आकडी बांधतोय.
आज वद्य चौथ. चाराची पाऊणकी तीन,
म्हणजे भरती आत्ता माथ्यावर.
बापाने शिकवलेला हिशोब,
घड्याळ नसलेल्या खाजणातला.

माझं तसं नाही. माझी भरती
कुठल्याच तिथीला बांधलेली नाही.
बुधवारी येते, जेवताना येते,
जीएसटीचे आकडे जुळवताना मधल्याच रकान्यात येते:
इस्पितळात, पैसे भरायच्या खिडकीशी,
नलूताईला मी जे बोललो ते एक वाक्य.
अकरा शब्द. मोजलेत मी.

नऊ रविवार सेक्टर सतराच्या एका हॉलमध्ये
मांडी घालून बसलो होतो.
शास्त्रीबुवा फळ्यावर लिहायचे: चित्त, मग बाण, मग वृत्ती.
बाण फार सुंदर काढायचे.
म्हणायचे, मन म्हणजे तळं, विचार म्हणजे लाटा,
लाटा निमाल्या की तळ दिसतो.
मी विचारलं, तळाशी गाळ असेल तर?
त्यालाच संस्कार म्हणतात, ते म्हणाले,
आणि चहाची सुटी झाली.

घरी येऊन मी दार लावून बसायचो
आणि त्या वाक्याला सांगायचो, येऊ नकोस.
ते यायचं. पाहुण्यासारखं नाही,
घरमालकासारखं, किल्ली घेऊन.

इथे ही भिंत आणि ही लोखंडी झडप.
पलीकडे खाडी चढलेली, अलीकडे तळं चार हात खाली.
समुद्रापेक्षा ठेंगणं शहर, गाढ झोपलेलं,
आणि मधे एवढा एक पत्रा, बिजागरीवर लोंबणारा.
"तुम्ही बंद केलीत?"
"मी? छ्या. खाडीच लावते तिला.
ती रेटते, ही मिटते. मंग ओहटी लागली
का तल्यातलं पानी आतून ढकलतं, तवा उघडते.
माना कोन पगार देतंय दार लावाचा?"
मग पगार कशाचा?
तो आकडी दाखवतो.

फटीत काय काय अडकतं: थर्माकोल,
एका पायातली चप्पल, दुधाच्या पिशव्या,
आज कुणाच्या तरी पूजेचा नारळ.
मूठभर नारळ, पण झडप बोटभर उघडी राहते
आणि रात्रभर त्या एका बोटातून
खाडी आत येत राहते, कुणालाही न उठवता.

धर्माजी नारळावर रागवत नाही.
खाडीला तर नावही ठेवत नाही.
कठड्यावर पालथा पडून
बांबू आत घालतो, चाचपतो,
कुठे अडलंय ते हाताला कळेपर्यंत
तोंडातून शब्द काढत नाही.

तेवढ्यात ते आलं. अकराच्या अकरा शब्द.
पहिल्यांदाच मी दाराकडे धावलो नाही.
येऊ दिलं, आणि नुसतं चाचपलं
कुठल्या फटीत काय आहे.
पश्चात्ताप असेल असं वाटलं होतं.
तो नव्हता. त्याच्या मागे, कोपऱ्यात,
टणक, शेंडीसकट बसलेलं:
माझंच बरोबर होतं.
तीन वर्षं. अजूनही.

शास्त्रीबुवांनी याला कुठला बाण काढला असता
कोण जाणे.

साडेपाचच्या सुमारास कण्हल्यासारखा आवाज झाला
आणि झडप हलली, कुणी हात न लावता.
तळ्याचं काळं पाणी
पाय ओढत खाडीकडे निघालं,
सगळं नाही; खालचा गाळ होता तिथेच.
"त्यो मार्चला काढतान," धर्माजी म्हणाला,
"मशीन लावून. पुना बसतो."

नारळ त्याने लुंगीला पुसला,
कानाशी नेऊन हलवला, मग माझ्या कानाशी.
आत पाणी वाजत होतं.

नलूताई साडेपाचला उठते, दूध तापत ठेवते.
फोन खिशात होता, खिशातच राहिला.
चालताना मी बोटांवर मांडत होतो:
उद्या पंचमी.
पाचाची पाऊणकी पावणेचार.