सामायिक

वाटणी झाली तेव्हा आम्ही झोपेत होतो.
सकाळी मेल: अभिनंदन, आजपासून तुम्ही स्वतंत्र.
कंपनीचं नवं नाव कुठल्याच भाषेतलं नव्हतं.
रिसेप्शनवरच्या ग्लेनिसला ते उच्चारता येईना,
फोन उचलून ती नुसतंच म्हणायची, "हॅलो, वूस्टर."

इमारत तीच, सेव्हर्नच्या काठची.
दुसऱ्या मजल्यावर कॉरिडॉरच्या मधोमध
काचेचं दार बसवलं, कार्ड लावून उघडणारं.
कॉफीचं मशीन पलीकडे गेलं,
मायक्रोवेव्ह आमच्या वाट्याला आला.

मला दिली मोजणी.
कुठला सर्व्हर कुणाचा, कुठली केबल कुणाची,
चार हजार एकशे बारा माणसांचे पासवर्ड
थोरल्या घरातून धाकट्यात न्यायचे,
एकही न सांडता.
आमच्याकडे हे काम तलाठी करतो. इथे एक्सेल आणि मी.

अठरा महिने नेटवर्क थोरल्यांचंच, भाड्यानं.
काल ज्याला खुर्ची वळवून विचारायचे
त्या टेरेन्सच्या नावे आता तिकीट टाकायचं.
तो काचेतून हात हलवतो
आणि तीन कामकाजी दिवसांनी उत्तर देतो.

एका ओळीपाशी अडले.
रोज पहाटे दोन वाजून दहा मिनिटांनी
एक जुना प्रोग्राम उठतो,
चार सेकंद काहीतरी करतो, पुन्हा झोपतो.
मालक: के. ओल्डरॉइड.
दोन हजार नऊला निवृत्त. मागाहून वारला म्हणे.
थोरले म्हणाले, आमचा नाही.
आमचे म्हणाले, यादीत नाही म्हणजे नाहीच.
शेवटी बंद केला, आणि कोण ओरडतं याची वाट पाहिली.
आमच्या धंद्यात मालक शोधायची हीच रीत.

आठवडा गेला. दुसरा गेला.
कोणी हूं की चूं केलं नाही.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी ग्लेनिस वर आली,
पँट गुडघ्यापर्यंत ओली, बूट हातात.
"कार पार्कात पाणी शिरलं. या खेपेला मेल कसा नाही आला?"
कसला मेल?
"केनचा. नदी चढली की येतो.
मग मी लवकर येऊन मागचं फाटक उघडते,
सगळ्यांच्या गाड्या निघाव्यात म्हणून."
पण केन तर गेला ना?
"गेला की. मातीला होते मी.
मेल यायचा."

खिडकीशी गेलो.
त्यांच्या गाड्या, आमच्या गाड्या, चाकं बुडालेली.
मधली पिवळी रेघ, मागच्याच महिन्यात आखलेली,
कुठेच दिसत नव्हती.
एक हंस तिच्यावरून पोहत गेला,
कार्ड न लावता.

संध्याकाळी प्रोग्राम उघडून वाचला. अकरा ओळी.
नदीची उंची विचारायची,
एका आकड्याशी ताडून बघायची,
जास्त असेल तर ग्लेनिसला कळवायचं.
सगळ्यात वर त्यानं लिहून ठेवलेलं:
कुणी सांगितलं नव्हतं, तरी असू दे.

चालू केला.
फॉर्मनं विचारलं, मालक कोण? थोरले, आम्ही, की इतर?
इतर निवडलं. पुढे मोकळी चौकट.
इंग्रजीत काय लिहावं सुचेना,
म्हणून सातबाऱ्यावर विहिरीपुढे लिहितात तो शब्द
देवनागरीत टाकला.
मशीनला तो वाचता आला नाही.
त्यानं सात रिकामे चौकोन दाखवले
आणि सेव्ह केलं.