उरलेले बोल्ट

सामूहिक फार्म मोडलं त्या वर्षी
लोकांच्या वाट्याला मेंढ्या आल्या, कुणाला घोडी,
कुणाला नुसतंच कुंपण.
माझ्या बापाला थकलेल्या पगाराऐवजी ही गाडी.
चौऱ्याऐंशी सालची उआझ,
ताडपत्रीचं छप्पर, वाळल्या शेवाळाचा रंग,
आणि दोन टाक्या, त्यातली डावी तेव्हाही गळकी.

मेंढ्या सगळ्यांच्या केव्हाच खाऊन झाल्या.
बापही गेला.
ही आहे.

जानेवारीत आत-बाशीला पहाट अशी होत नाही,
अंधारच जरा कडक होतो.
रात्री रेडिएटरचं पाणी बादलीत काढून ठेवायचं,
सकाळी चुलीवर तापवून तिला परत पाजायचं,
इंजिनाच्या पोटाखाली स्टोव्हची जीभ धरायची
आणि मग दांडा घालून फिरवायचं.
दांडा उलटा फिरला की मनगट गेलंच.
माझं गेलंय, परवाच्या हिवाळ्यात.
डाव्या हातानं याकला सुई टोचायला तेव्हा शिकले.

मी गुरांची डॉक्टर.
आडवं आलेलं वासरू मला सरळ करता येतं.
हिचा कार्बोरेटर तीस वर्षांत सरळ झाला नाही.
तीन हजार मीटरच्या वर हिला धाप लागते,
काळा धूर सोडते, आचके देते.
मी उतरते, जेट काढते, तोंडानं फुंकते,
मग दिवसभर चहाला पेट्रोलची चव.
हीटरला एकच पाय ठाऊक, माझा उजवा.
डावा पाय तीस वर्षं परदेशात राहतो.

तेमिरकुलच्या अंगणात तीन मेलेल्या उआझ आहेत.
एकीचे डोळे, एकीचे गुडघे, एकीची मान
अशी हळूहळू माझीत येऊन राहिलीत.
मूळची किती उरली, विचारलं,
तर तो हात पुसत म्हणाला,
"नंबरप्लेट. आणि तू."

खोलून परत बांधली की
दर वेळी एक बोल्ट हातात उरतो.
का, कुठला, देव जाणे; गाडी तरी चालते.
चहाच्या डब्यात ठेवत गेले. अकरा झाले.

आणि एक खडखड.
मागे, उजवीकडे, बापाच्या काळापासूनची.
नमदा कोंबला, तार बांधली, शिव्या घातल्या,
एकदा रस्त्यात थांबवून लाथही मारली,
नंतर बराच वेळ तिच्याशी बोलले नाही.

परवा, लसींची पेटी घेऊन खिंड उतरताना
खडखड थांबली.

आधी वाटलं, चला, सुटले!
गुणगुणायलासुद्धा लागले थोडी.
एक वळण, दुसरं वळण,
आणि मग पोटात गोळा आला.
म्हातारं माणूस दुखतंय म्हणायचं थांबलं की
येतो तसा.

उतरून खाली सरपटले.
शॉकअबसॉर्बर एका टोकाला लोंबतोय,
त्याला धरणारी लोखंडी पट्टी नाहीच.
लसी वितळायच्या आत यायचं म्हणून
उलट्या दिशेला चालायला लागले, जवळजवळ पळत.

वळणावरून एर्मेक येत होता, गाढवावर,
नऊ वर्षांचा, नाक लाल,
पट्टी पोटाशी धरून, जणू कोकरूच.
"एजे, ही तुमचीच ना?
तुमची गाडी पार वरच्या कुरणापर्यंत ऐकू येते.
आज मध्येच ऐकू यायची बंद झाली,
म्हणून बघायला निघालो."

डबा सीटखाली होताच.
पहिला बोल्ट जाड, दुसरा आखूड,
सातवा आपसूक आत गेला,
इतकी वर्षं त्याच भोकाची वाट बघत असल्यासारखा.
एर्मेकनं पाना धरला. गाढवानं ताडपत्री चाटली.

निघालो तर दहा पावलांत
खडखड सुरू.
"आली," तो म्हणाला.
मी काही बोलले नाही, गियर बदलला,
कधी नव्हे तो पहिल्या झटक्यात पडला.

संध्याकाळी घरी पट्टी नीट बसवायला पुन्हा खोलली.
बांधून झाल्यावर
हातात दोन उरले.