बाहेरून कुलूप

थंडी पडली की अण्णाला काम असायचं.
दौलतगंजच्या मागच्या बोळात, शिवहऱ्यांच्या कारखान्यात
रात्री नऊ ते पहाटे चार
तीळ-गूळ लाकडी हातोड्यानं कुटायचा.
गजक हलकी व्हावी म्हणून
माणूस किती जड मारतो
ते त्याच्या खांद्याला विचारावं.

थंडी पडली की शाळा बंद व्हायची.
कलेक्टरचा हुकूम, शीतलहर, पाच दिवस सुट्टी.
पोरं बाकांवर चढून नाचायची.
मी मनात पाच दिवसांचं शाळेतलं जेवण मोजायची,
मंगळवारची खीरपुरी वेगळी धरून.
निरूला काय सांगायचं
ते घर येईतो ठरवावं लागे.

म्हणजे ज्या महिन्यांत पैसे यायचे
त्याच महिन्यांत दुपार रिकामी.
उन्हाळ्यात उलटं असेल म्हणाल, तर नाही,
उन्हाळ्यात दोन्ही बंद.
तेव्हा अण्णा लोकांच्या कूलरना वाळ्याच्या ताट्या बसवत हिंडायचा.
आमच्या खोलीत त्याच्या सदऱ्याबरोबर
वाळ्याचा वास तेवढा यायचा.

आई गेली होती.
गेली, एवढंच.
शिष्यवृत्तीच्या फॉर्मवर तिच्या रकान्यात
अण्णानं आधी नाव लिहिलं, मग खोडलं,
मग खोडल्यावरच पुन्हा लिहिलं.
कुशवाह सर म्हणाले, साफ लिखके लाओ,
नया फॉर्म दस रुपये का.
दहा रुपये.
त्या वर्षीची शिष्यवृत्ती त्या खाडाखोडीतच राहिली.

निघताना तो बाहेरून कुलूप लावायचा.
एक नऊ वर्षांची, एक चार वर्षांचा,
आणि गल्लीत झिंगून फिरणारे कोण कोण.
दुसरं काय करणार होता?
एक चावी हरदेवी काकीकडे.
खट्ट वाजलं की निरू म्हणायचा,
"अण्णा बाहेर कोंडला गेला."

ज्या रात्री निरूला ताप चढला
काकी मुरारला लग्नाला गेली होती.
मी दार वाजवलं. खिडकीतून हाका मारल्या.
धुकं इतकं, की हाक गजांपाशीच
ओली होऊन खाली पडत असावी.
मग फडकं भिजवलं,
त्याच्या कपाळावर ठेवलं
आणि पाढे म्हणत बसले.
एकोणिसाचा येत नव्हता,
म्हणून अठराचाच परत परत.

चारला कुलूप उघडलं.
आधी गुळाचा वास आत आला, मागून तो.
खिशात नेहमीचा चुरा, कागदात.
त्यानं निरूच्या कपाळाला हात लावला,
मग दाराकडे पाहिलं,
कडीपाशी माझ्या मुठींनी रंग निघाला होता तिथे.
बोलला काहीच नाही.
निरूला गोधडीत गुंडाळून
सरकारी दवाखान्याकडे चालत निघाला,
मागून मी, चुऱ्याची पुडी धरून.
भूक लागली होती.
बाडा ओलांडेपर्यंत मी सगळा खाल्ला.
निरूचा वाटाही.

दुसऱ्या दिवसापासून चावी माझ्या गळ्यात,
कुलूप आतून.
आता भीती त्याच्याकडे गेली.
रात्री दोनला, चहाच्या सुट्टीत,
तो अर्धा मैल धावत यायचा,
दाराला हात लावून बघायचा,
आणि परत.
मला पावलं ऐकू यायची.
मी झोपेचं सोंग घ्यायची.
बंद दारातून ते कोणाला दिसणार होतं?
पण घ्यायची.

निरू भोपाळला असतो.
गजक खात नाही, दात दुखतात म्हणतो.
माझा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर,
त्यात मी आणि माझी मुलगी, दोघीच.
अण्णाचा हात आता खांद्याच्या वर जात नाही,
फोन कानाशी दुसऱ्या हातानं धरतो.
रोज रात्री नऊला.

"कुलूप लावलंस?"
"लावलं."
"कुठून?"
"आतून, अण्णा."

मग तो बराच वेळ
फोन ठेवत नाही.